उरतात ते उद्गार



शाळेच्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती असतात. नामाचा मान पहिला, केवलप्रयोगी अव्ययाचा शेवटचा. हे प्रकरण येईपर्यंत मार्च उजाडलेला असतो, परीक्षा तोंडावर असते. मग ‘अबब, अरेरे, शाबास, छे’ अशी यादी फळ्यावर येते, हर्षदर्शक आणि शोकदर्शक असे कप्पे पडतात आणि एका गुणाची बेगमी करून वर्ग पुढं सरकतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर मात्र हे प्रकरण जूनमध्येच घ्यायचे. क्रियापदावाचून माणसाचं काही काळ भागेल, ‘अगं’ आणि ‘अरे’ यांच्यावाचून घर चालणार नाही, असं ते म्हणत. आम्ही हसायचो.

आजचा विषय त्याच शेवटच्या जातीचा आहे, फक्त देश वेगळा. अमेरिकेतली माणसं रोजच्या बोलण्यात कुठं काय उद्गारतात आणि का, हे मला सांगायचं आहे. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांनी ‘अमेरिकन उच्चार’ नावाची वस्तू शिकवायला घेतली तेव्हापासून आपल्याकडे असा समज झाला, की तो अख्खा देश एकाच आवाजात बोलतो. तसं काही नाही. तिथला माणूस नुसता ‘हो’ कसा म्हणतो यावरून त्याचा मुलूख कळू शकतो. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचा म्हातारा कोळी ‘ए-यऽ’ म्हणतो, कधी कधी श्वास आत ओढत. मिनेसोटात ‘यू बेचा’ ऐकू येतं. दक्षिणेत ‘येस मॅम’ म्हटल्याशिवाय होकार पुरा होत नाही, मग समोरची बाई वीस वर्षांची का असेना.

हे सगळं कुणीतरी चिकाटीनं टिपून ठेवलं म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो. फ्रेडरिक कॅसिडी हे मूळचे जमैकाचे. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक असताना त्यांनी अमेरिकेच्या प्रादेशिक इंग्रजीचा कोश हाती घेतला. नाव ‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश’, पण अभ्यासक त्याला ‘डेअर’ म्हणतात. 1965 ते 1970 या काळात कॅसिडींचे विद्यार्थी आणि सहकारी देशभरातल्या 1,002 ठिकाणी गेले. राहायची-झोपायची सोय असलेल्या मोटारगाड्या होत्या. त्यांना ‘वर्ड वॅगन’ असं नाव पडलं होतं. प्रश्नावली 1,600 हून अधिक प्रश्नांची, एका माणसाकडून ती भरून घ्यायला काही दिवस जात. पाऊस, भांडी, गुरं, भुतं, लग्न, शिव्या असे तिचे विभाग होते आणि उद्गारांचा विभाग स्वतंत्र होता. आश्चर्य वाटलं तर तुम्ही काय म्हणता? बोटावर हातोडा बसला तर? पाहुणा निघाला तर? बोलणारे बहुतेक वयस्क आणि त्याच गावात जन्म काढलेले. पहिला खंड 1985 साली आला, शेवटच्या अक्षराचा 2012 साली. कॅसिडी मात्र 2000 सालीच गेले. पुढचं काम जोन ह्यूस्टन हॉल यांनी तडीस नेलं. कॅसिडींच्या थडग्यावर कोरलेलं आहे: ‘चला, झेडपर्यंत!’ अशा अर्थाचं एक छोटं वाक्य. कोशकाराचा उद्गार म्हणून मला तो फार आवडतो.

आता मुद्द्यावर येतो. अमेरिकेत स्थलांतरितांची भाषा साधारण तिसऱ्या पिढीत मावळते. आजोबा बोलतात, बापाला कळते, नातवाला आडनाव तेवढं उरतं. भाषेबरोबर क्रियापदं जातात, लिंगवचनं जातात, म्हणी जातात. उद्गार मात्र मागे राहतात. ते इंग्रजीत शिरून बसतात आणि पुढं ज्यांचा त्या भाषेशी काडीचा संबंध नाही अशा शेजाऱ्यांच्या तोंडी रुळतात.

याचा सर्वांत चोख नमुना म्हणजे ‘उफ डा’. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, विस्कॉन्सिन आणि आयोवाच्या काही भागांत तो ऐकू येतो. मूळ नॉर्वेजियन. नॉर्वेत मूल धडपडलं की आई जे म्हणते ते हे. 1825 साली ‘रेस्टाउरेशन’ नावाचं लहानसं जहाज स्टाव्हांगर बंदरातून न्यूयॉर्कला आलं आणि पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन माणसं अमेरिकेला गेली. त्यांतली पुष्कळ याच गवताळ मुलखात शेती करू लागली. चर्च नॉर्वेजियनमधून, वर्तमानपत्रं नॉर्वेजियनमधून, भांडणंही त्याच भाषेत. आयनार हाउगेन या भाषाशास्त्रज्ञानं 1953 साली अमेरिकेतल्या नॉर्वेजियन भाषेवर ग्रंथ लिहिला तेव्हा ती भाषा उतरणीला लागलेली होती.

तिच्या उतरणीला सरकारचाही हात लागला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्धच्या रागाची झळ सगळ्याच परक्या भाषांना बसली. 23 मे 1918 रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी एक फर्मान काढलं. शाळेत, आगगाडीत, सार्वजनिक जागी, भाषणात, चर्चमध्ये, इतकंच काय टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. लोकांनी त्याला, बायबलमधल्या भाषांच्या गोंधळाच्या कथेवरून, बॅबेलचं फर्मान म्हटलं. टेलिफोनवर जर्मनमधून गप्पा मारल्या म्हणून काही बायकांना दंड भरावा लागला. एका तारेवर अनेक घरं जोडलेली असत, त्यामुळे शेजारी ऐकणार आणि चुगली करणार हे ठरलेलंच. फर्मान त्याच वर्षीच्या डिसेंबरात मागे घेतलं गेलं, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. शेजारच्या नेब्रास्कात मुलाला जर्मन वाचायला शिकवणाऱ्या रॉबर्ट मायर या शिक्षकाला शिक्षा झाली. त्यानं लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि 1923 साली तो जिंकला. खटला जिंकून भाषा परत येत नसते.

वाक्यावर बंदी घालता येते, उद्गारावर कशी घालणार? गोठ्यात बर्फावरून पाय घसरला तर तोंडून निघणारं ‘उफ डा’ कोणत्या कलमाखाली बसवायचं? आज मिनेसोटात जर्मन, आयरिश, कुणीही माणूस हा उद्गार काढतो. त्याचे अर्थही वाढले आहेत. फ्रिजमधून नासलेलं दूध निघालं की उफ डा, जेवण फार झालं की उफ डा, शेजाऱ्याच्या घटस्फोटाची बातमी कळली की उफ डा. यात राग कधीच नसतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. रागाचा शब्द त्या मुलखाला मुळातच कमी लागतो. हॉवर्ड मोर यांनी 1987 साली ‘हाउ टू टॉक मिनेसोटन’ नावाचं विनोदी पुस्तक लिहिलं. आपल्या प्रांताच्या संभाषणाची त्यांनी यथेच्छ थट्टा केली, पण निरीक्षण पक्कं आहे. तिथं अत्यानंद झाला तरी ‘काही वाईट नाही’ म्हणतात. भयंकर काही दिसलं की ‘वेगळंच आहे’ म्हणतात. पाहुणा निघाला, की निघायचं जाहीर करणं, दारात बोलणं, गाडीपाशी बोलणं असे टप्पे घेत घेत निघतो. सुरुवातीला गुडघ्यावर थाप मारून ‘वेल्प’ असा उद्गार काढायचा, तो निघण्याचा पहिला इशारा. तो ऐकल्यावर लगेच उठणारा माणूस परगावचा.

याच पट्ट्यातला ‘ओप’ अलीकडं फार गाजतो आहे. कुणाला चुकून धक्का लागला, किराणा दुकानातल्या बोळातून कुणाच्या बाजूनं सरकायचं असलं, की ओठ मिटून फटकन सुटणारा हा आवाज. मध्यपश्चिमेकडची मंडळी तो आपला खास वारसा समजतात. माझं मत विचाराल तर ही मालकी जरा जास्तच सांगितली जाते. हा आवाज देशात इतरत्रही निघतो. पण मध्यपश्चिमेनं तो आपला म्हणून उचलला, त्याला गुदगुल्या करणाऱ्या नम्रतेचं प्रतीक केलं, हेही तितकंच खरं.

सिनसिनाटीची गोष्ट याहून बारीक आहे. ओहायोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं हे शहर एके काळी जर्मनांनी भरलेलं होतं. त्यांच्या एका वस्तीला आजही ‘ओव्हर द ऱ्हाइन’, म्हणजे ऱ्हाइनपल्याडची, असं नाव आहे. मध्ये होता तो साधा कालवा. महायुद्धाच्या काळात तिथल्या जर्मन नावांच्या रस्त्यांचं बारसं नव्यानं झालं आणि ‘जर्मन स्ट्रीट’ची ‘इंग्लिश स्ट्रीट’ झाली. पण त्या शहरातल्या जुन्या माणसाला तुमचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, की तो ‘प्लीज?’ असं विचारतो. परका माणूस गोंधळतो, याला काय हवंय म्हणून. याला काही नको आहे, फक्त पुन्हा सांगा एवढंच तो म्हणतो आहे. जर्मनमध्ये अशा वेळी ‘बिट्टे?’ म्हणतात, आणि ‘कृपया’साठीही तोच शब्द. शब्द इंग्रजी झाला, वापर जर्मन राहिला. रस्त्यांच्या पाट्या बदलणाऱ्यांना हा जर्मन सापडलाच नाही, कारण तो पूर्ण इंग्रजी कपड्यांत फिरत होता.

उद्गार किती लांबचा प्रवास करतात याचं उदाहरण 2008 साली मिळालं. उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन अलास्काच्या, आणि बोलायच्या मात्र मिनेसोटासारख्या. ‘यू बेचा’ म्हणायच्या. पुष्कळांना वाटलं, ‘फार्गो’ हा मिनेसोटी बोलीचा 1996 सालचा चित्रपट पाहून उचललेलं सोंग आहे. थॉमस पर्नेल आणि त्यांच्या विस्कॉन्सिनच्या सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. पेलिन वाढल्या वासिला गावात. तो भाग मटानुस्का खोऱ्याचा. 1935 साली महामंदीच्या दिवसांत रूझवेल्ट सरकारनं मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन इथल्या गांजलेल्या शेतकऱ्यांपैकी सुमारे 200 कुटुंबं उचलून तिथं वसवली होती. कुटुंबांबरोबर बोलीही गेली, आणि दोन पिढ्यांनी ती दूरचित्रवाणीवर आली. टीकाकारांना ते नाटक वाटलं. ती सरकारी पुनर्वसनाची खूण होती.

पिट्सबर्गवर मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण उद्गारांचं म्हातारपण कसं असतं ते तिथं दिसतं. पेनसिल्वेनियाच्या पश्चिमेला हे पोलादाचं शहर. अठराव्या शतकात आयर्लंडमधल्या अल्स्टरहून आलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांनी इथल्या बोलीचा पाया घातला, नंतर पोलिश, स्लोव्हाक, इटालियन कामगार आले आणि त्यांनी तीच बोली उचलली. ‘तुम्ही सगळे’ यासाठी ‘यिन्झ’. घर आवरणं म्हणजे ‘रेड अप’. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा तो ‘नेबी’. आणि वाक्याच्या शेवटी ‘एन-ॲट’, आपल्या ‘वगैरे’सारखं, पण ‘वगैरे’पेक्षा कितीतरी आळशी. ‘बाजारात गेलो एन-ॲट.’ म्हणजे गेलो, आलो, काय काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. ऐकणारा आपल्यातला आहे असं गृहीत धरल्याशिवाय हा शब्द वापरताच येत नाही.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बार्बरा जॉन्स्टन यांनी या बोलीचा अनेक वर्षं अभ्यास केला. 2013 सालच्या ‘स्पीकिंग पिट्सबर्गीज’ या पुस्तकात त्यांनी जे मांडलं ते फार मोलाचं आहे. गिरणीत काम करणाऱ्या पिढीला आपण ‘पिट्सबर्गी’ बोलतो हे ठाऊकच नव्हतं. सगळे तसंच बोलत होते, मग वेगळं काय? मुलं सैन्यात गेली, नोकरीला बाहेर पडली, तेव्हा परक्यांनी त्यांना हसून दाखवलं. आणि 1980 च्या दशकात पोलादाच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरुण पोट भरायला टेक्सास-फ्लोरिडाला पांगले, तेव्हा त्या बोलीला एकदम किंमत आली. ‘यिन्झ’ छापलेले टी-शर्ट निघाले, कप निघाले, शब्दांच्या पुस्तिका निघाल्या. टी-शर्ट घालणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः घरात ‘यिन्झ’ म्हणत नाहीत. म्हणणारी त्यांची आजी टी-शर्ट घालत नाही. तोंडातून गेलेला शब्द छातीवर येतो तो हा असा. ‘उफ डा’चंही तेच झालं आहे, त्याचे तर पायपुसणीपर्यंत सगळे अवतार मिळतात. पायपुसण्यावर उतरलेला उद्गार मेला असं मी म्हणणार नाही, पण त्याची तब्येत विचारायला हवी.

याच शहरात मायरन कोप नावाचा क्रीडा-समालोचक होऊन गेला. स्टीलर्स या फुटबॉल संघाच्या सामन्यांचं त्यानं पस्तीस वर्षं रेडिओवर समालोचन केलं. काही विलक्षण घडलं की तो ‘यॉय!’ असं ओरडे आणि अतिविलक्षण घडलं की ‘डबल यॉय!’ हा ज्यू घरातला उद्गार. पोलिश आणि आयरिश गिरणी कामगारांची पोरं फुटबॉलच्या निमित्तानं तो शिकली.

दक्षिणेकडं वळतो. तिथला सर्वांत प्रसिद्ध उद्गार म्हणजे ‘ब्लेस युअर हार्ट’. देव तुझं भलं करो. आजारी शेजारणीला म्हटला तर खराखुरा कळवळा असतो. पण एखाद्याबद्दल बोलताना, ‘मुलगा कष्टाळू आहे हो, ब्लेस हिज हार्ट,’ असं आलं, की पुढचं वाक्य त्या मुलाच्या अकलेचे वाभाडे काढणार हे समजावं. उत्तरेतली माणसं हा उद्गार नेहमीच टोमणा आहे असं समजून मोकळी होतात. मला तो आळस वाटतो. एकाच शब्दानं सांत्वन आणि समाचार दोन्ही करायचे, आणि कोणतं ते स्वरावर सोडायचं, ही कसबाची गोष्ट आहे. तसाच ‘यॉल’. इंग्रजीनं एकवचनी आणि अनेकवचनी ‘तू-तुम्ही’ एक करून टाकले, आणि अमेरिकेच्या प्रत्येक प्रांतानं ते भोक आपापल्या ठिगळानं बुजवलं. दक्षिणेचं ‘यॉल’, पिट्सबर्गचं ‘यिन्झ’, न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचं ‘यूझ’, उरलेल्यांचं ‘यू गाइज’. त्यांत ‘यॉल’ आता दक्षिणेबाहेर जोरात पसरतो आहे.

दक्षिणेच्या बोलीचा विचार कृष्णवर्णीयांच्या बोलीशिवाय होऊच शकत नाही. आणि उद्गारांचा विचार तर त्यांच्या चर्चशिवाय सुरूच होत नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक एकटा बोलत नसतो. त्याच्या प्रत्येक वाक्यावर समोरून ‘आमेन’, ‘वेल’, ‘प्रीच’, ‘टेल इट’ असे उद्गार येतात. शाहिराला झीलकरी जशी ‘जी जी रं जी’ची साथ देतात तशी ही साथ असते, आणि ती थंड पडली तर वक्त्यानं समजायचं की आपली गाडी रुळावर नाही. भाषाशास्त्रज्ञ जिनीव्हा स्मिदरमन यांनी 1977 साली ‘टॉकिन अँड टेस्टिफायिन’ या पुस्तकात या देवघेवीचं शास्त्र मांडलं. हीच सवय चर्चबाहेर स्वयंपाकघरात, न्हाव्याच्या दुकानात, टेलिफोनवर येते. ऐकणारा गप्प बसला तर तो ऐकतच नाही असा अर्थ होतो. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण करत होते. मागे बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी हाक दिली, की त्या स्वप्नाबद्दल सांगा. किंग यांचे सहकारी क्लॅरन्स जोन्स यांनी ही आठवण सांगितली आहे. किंग यांनी कागद बाजूला सारले आणि पुढचं जगाला पाठ आहे. त्या भाषणाचा जो भाग आज शाळेत शिकवतात, तो एका श्रोत्याच्या उद्गारातून सुरू झाला.

इथंच मला एक कडवट गोष्ट सांगायला हवी. ‘कूल’पासून ‘वोक’पर्यंत कृष्णवर्णीयांचे शब्द साऱ्या अमेरिकेनं आणि पाठोपाठ जगानं उचलले. पण तेच शब्द ज्यांचे, त्यांनी तोंड उघडलं की दार बंद होतं. भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ स्वतः कृष्णवर्णीय, आणि तीन ढंगांत सहज बोलू शकत. सॅन फ्रान्सिस्को परिसरात भाड्यानं घर देणाऱ्यांना त्यांनी टेलिफोन केले: कधी प्रमाण इंग्रजीत, कधी मेक्सिकन वळणाच्या इंग्रजीत, कधी कृष्णवर्णीयांच्या. गोऱ्यांच्या वस्त्यांत शेवटच्या दोन ढंगांना घर पाहायला बोलावणं येण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. 1999 साली पर्नेल आणि इड्सार्डी या भाषाशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा, की ओळखायला पूर्ण वाक्यही लागत नव्हतं. नुसत्या ‘हॅलो’वरून ऐकणारे बहुतेक वेळा बोली बरोबर ओळखत होते.

आणि हा ‘हॅलो’ कुठला? टेलिफोन उचलल्यावर काय म्हणावं याचा वाद होता. ग्रॅहॅम बेल यांना नावाड्यांचा ‘अहॉय’ हवा होता. 15 ऑगस्ट 1877 रोजी एडिसन यांनी पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, की घंटेची गरज नाही, ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो. एडिसन जिंकले. ‘ओके’ही असाच अमेरिकेचा. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती, तिच्यातून 23 मार्च 1839 रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला. ॲलन वॉकर रीड यांनी 1960 च्या दशकात हे शोधून काढलं. आपण दिवसातून अनेकदा वापरतो तो हा शब्द एका थिल्लर विनोदाचा उरलेला शेंडा आहे.

बोलण्याच्या सवयी केवळ शब्दांच्या नसतात, गप्प राहण्याच्याही असतात. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी 1978 साली कॅलिफोर्नियात बर्कलीला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाच्या गप्पा ध्वनिमुद्रित केल्या. सहा जण होते. तिघे न्यूयॉर्कचे, दोघे दक्षिण कॅलिफोर्नियातले, एक बाई मूळची इंग्लंडची. टॅनन स्वतः न्यूयॉर्कच्या तिघांपैकी. न्यूयॉर्कवाले एकमेकांच्या वाक्यात घुसत, मध्येच ‘वॉव’, ‘नो!’, ‘गेट आउट!’ असे ओरडत, प्रश्नांची सरबत्ती करत. त्यांच्या लेखी ही आस्था होती. कॅलिफोर्नियावाले दुसऱ्याचं वाक्य संपायची, वर जरा शांतता होण्याची वाट पाहत. ती शांतता कधी आलीच नाही. जेवणानंतर एका बाजूला वाटलं काय मजा आली, दुसऱ्या बाजूला वाटलं आपल्याला बोलूच दिलं नाही. 1984 सालच्या पुस्तकात टॅनन यांनी याचा वाक्यावाक्यानं उलगडा केला. या सभागृहातले बहुतेक जण न्यूयॉर्कच्या बाजूचे निघतील, आणि आपल्या सुना-जावयांतले काही कॅलिफोर्नियाच्या.

बाकीचा देश भरभर पाहू. लुईझियानात फ्रेंच मुळांचे केजन लोक वाक्य ‘मे’ असं म्हणून सुरू करतात, फ्रेंचमधल्या ‘पण’चा तो अवशेष, आणि लाडानं ‘शाऽ’ म्हणतात. व्हरमाँटमध्ये येशूचं नाव घ्यायचा धाक म्हणून ‘जीझम क्रो’. गॉश, गॉली, जीझ हे सगळे याच कुळातले: देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा मोडायची तर होती, पण पकडलं जायचं नव्हतं. बॉस्टनमध्ये चांगल्याला ‘विकेड गुड’, उत्तर कॅलिफोर्नियात ‘हेला गुड’. हवाईत ऊसमळ्यांवर जपानी, चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर एकत्र आले आणि त्यांच्या मिश्र बोलीनं ‘डा काइन’ दिला, जो कोणत्याही न आठवणाऱ्या शब्दाच्या जागी बसतो.

‘लाइक’ आणि ‘अम्’ यांच्यावर वर्तमानपत्रांत दर वर्षी कुणीतरी चिडतं. फ्रँक झॅपा यांच्या ‘व्हॅली गर्ल’ या 1982 सालच्या गाण्यानं ‘लाइक’ तरुण मुलींच्या गळ्यात बांधला. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा डार्सी यांनी दाखवलं आहे, की त्याचा इतिहास कितीतरी जुना आहे आणि म्हातारे पुरुषही तो वापरत आले आहेत. अडखळण्याचे ‘अ’ आणि ‘अम्’ हेही निरर्थक नसतात. क्लार्क आणि फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली मांडलं, की ‘अ’ आला तर थांबणं थोडं असतं आणि ‘अम्’ आला तर जास्त. म्हणजे बोलणारा ऐकणाऱ्याला किती वाट पाहायची ते आधी कळवतो. मुलींना या शब्दांवरून टोकणाऱ्या प्राध्यापकांनी आपलं एक व्याख्यान मुद्रित करून ऐकावं. माझंही चालेल.

दूरचित्रवाणीनं आणि महामार्गांनी हे सगळं सपाट होईल अशी भीती अर्धशतकापूर्वी होती. तसं झालं नाही. लबॉव्ह, ॲश आणि बोबर्ग या भाषाशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या नकाशाकोशात उलट दिसलं, की मोठ्या शहरांभोवतीचे स्वरोच्चार एकमेकांपासून आणखी दूर चालले आहेत. 2013 च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं एक बोली-कोडं प्रसिद्ध केलं, जॉश कॅट्झ या तरुण प्रशिक्षणार्थीनं केलेलं. काही प्रश्नांची उत्तरं द्या, तुमचा मुलूख नकाशावर दिसेल. वर्ष संपायला जेमतेम दहा-अकरा दिवस उरले होते, तरी वर्षभरात त्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं पान तेच ठरलं. आपण कुठून बोलतो हे कळून घ्यायची हौस लोकांना राजकारणापेक्षा जास्त आहे.

आता आपल्या माणसांकडे. न्यू जर्सीत, शिकागोत, ह्यूस्टनमध्ये वाढलेली मराठी मुलं मी ऐकतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा कसोशीनं चालतात, तरी घरातली क्रियापदं हळूहळू जातात. ‘मी केला’ आणि ‘मी केलं’ यांतला फरक आधी जातो. पण बोट दारात सापडलं की ‘आई गं’ निघतं. मैत्रिणीशी इंग्रजीत बोलताना मध्येच ‘अय्या’ येतो, आणि ‘अगं’ तर इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला अगदी ठामपणे बसलेला असतो. नॉर्वेच्या वाटेवर आपण तिसऱ्या पिढीच्या उंबरठ्याशी आहोत. वाईट वाटून घ्यायचं तर घ्या, पण कोणता उद्गार टिकतो आणि कोणता गळतो हे आज टिपलं नाही तर पुढच्या हाउगेनला काही मिळणार नाही.

म्हणून एक विनंती आहे. या सभागृहातले अनेक जण उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाता. तिथं दुपार मोठी असते आणि करायला फारसं काही नसतं. एक वही न्या. नातवंडाच्या तोंडून, दुकानातल्या बाईकडून, बसच्या चालकाकडून जो उद्गार कानावर पडेल तो ऐकला तसा देवनागरीत लिहा, सुधारू नका. त्याच्यापुढं गावाचं नाव, बोलणाऱ्याचं साधारण वय आणि तेव्हा काय घडलं होतं एवढं टाका. कॅसिडींची मुलं गाडीत झोपून हेच करत होती. वही भरली की या व्याख्यानमालेच्या चालकांकडे आणून द्या. मी ती वाचीन.